इंग्लंडमध्ये पाण्याचं बिल झेपत नाहीये, पोराला सिव्हिअर एक्झिमा आहे, वॉटरशुअर (पाण्याच्या बिलाची सवलत) कोणाला मिळालंय का?

सत्तरीची_लेक

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. आम्ही मूळचे गोव्याचे, वाळपईकडचे, पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे आलो, घरात सगळ्यांना सेटल्ड स्टेटस (इथे कायम राहायची परवानगी) आहे. नवरा वेअरहाऊसला नाइट शिफ्ट करतो, मी शाळेच्या किचनमध्ये काही तास, वरून युनिव्हर्सल क्रेडिटचे (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) थोडे येतात त्यावर घर चालतं. आधीच्या फ्लॅटमध्ये पाण्याला मीटर नव्हता, वर्षाचं ठरलेलं बिल यायचं. आता घर बदललं, इथे मीटर आहे आणि सहा महिन्यांचं बिल आलंय ४७० पाऊंड.

पाणी जातं ते धाकट्यासाठी. सात वर्षांचा आहे, अंगभर एक्झिमा, म्हणजे इसब. रोज रात्री टबात कोमट पाण्यात बसवायचं, साबण नाही, डॉक्टरने दिलेलं क्रीमच लावून धुवायचं, मग अंग ओलसर असतानाच मलमाचा जाड थर. ते मलम चादरीला उशीला पायजम्याला सगळीकडे लागतं, खाजवून रक्ताचे ठिपके पण असतात, म्हणजे चादर रोज ६० डिग्रीला टाकायची, आणि तेवढ्याने तो ओशटपणा निघत नाही म्हणून परत एकदा मशीन फिरवायची. मशीनच्या दाराचं रबर त्या मलमाने बुळबुळीत होऊन फुगलंय, ते पुसायचं काम वेगळंच.

बिल आल्यापासून नवरा म्हणतो आंघोळ एक दिवसाआड करू, चादर दोन दिवस चालवू. करून बघितलं, गुडघ्यामागे लगेच चिरा पडतात आणि पोर रात्रभर झोपत नाही. त्यांची पण काय चूक, कामावरून आले की टॉर्च घेऊन फुटपाथवरचं झाकण उघडून मीटर बघत बसतात. कामावरची एक बाई म्हणाली वॉटरशुअर म्हणून काहीतरी असतं पण ते तीन मुलंवाल्यांना, आमची दोनच आहेत. कोणाला नक्की माहीत आहे का? आणि असं काही मागितलं तर पुढे सिटिझनशिपला आडवं येईल का, यांना ती भीती आहे.

स्विंडनकर

ताई, तुम्हाला मिळायला पाहिजे. तुमची मैत्रीण अर्धंच बरोबर सांगतेय. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, मीटर हवा (किंवा मीटरसाठी अर्ज केलेला हवा), तो तुमच्याकडे आहे. दुसरी, घरात कोणाला तरी युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट, हाऊसिंग बेनिफिट असं कमी उत्पन्नावर मिळणारं बेनिफिट चालू हवं, ते पण आहे. तिसरी म्हणजे जास्त पाणी लागायचं कारण, आणि इथे दोन रस्ते आहेत, एकतर १९ वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं ज्यांचं चाइल्ड बेनिफिट तुम्हाला मिळतं, नाहीतर घरात कोणाला असा आजार ज्याला पाणी जास्त लागतं. दोन्हीपैकी एक पुरे. एक्झिमा यादीतच आहे.

मिळालं की तुमचं वर्षाचं बिल त्या कंपनीच्या भागातल्या सरासरी घरगुती बिलाच्या वर जात नाही. समजा सरासरी ६०० आहे आणि तुमचं मीटरप्रमाणे ९४० होतंय, तर ६०० च भरायचे. आणि समजा एखाद्या वर्षी तुमचं ५०० चंच झालं तर ५०० भरायचे, म्हणजे तोटा कुठेच नाही. आमच्या ओळखीत एक गोव्याचंच कुटुंब आहे, चार मुलं, त्यांना कित्येक वर्षं माहीतच नव्हतं हे. इकडे आपली एवढी माणसं आहेत, चर्चमध्ये गणपतीत भेटतो, घराच्या भाड्यावर बोलतो, व्हिसावर बोलतो, पण हे कोणी कोणाला सांगत नाही.

कोल्हापूरची_नर्स

मी इथे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) आहे, स्किनच्या पेशंटबरोबर काम केलंय, म्हणून सगळ्यात आधी हे लिहिते. आंघोळ कमी करू नका. चादर पण नाही. सिव्हिअर एक्झिमात चिरा पडल्या की त्यात इन्फेक्शन जातं, मग अँटिबायोटिक, शाळा बुडते, तुमची ड्यूटी बुडते, आणि पोराचे हाल होतात ते वेगळेच. कॅप (बिलाची ती वरची मर्यादा) लागू झाली की सरासरीच्या वर गेलेल्या पाण्याचे पैसेच लागत नाहीत, ही योजना नेमकी अशा घरांसाठीच आहे, तेव्हा तुमच्या मिस्टरांना सांगा टॉर्च ठेवून द्या.

आजारांची यादी सांगते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांना पण उपयोग होईल. त्वचेचे जे आजार आहेत ज्यात कातडी सोलते किंवा पाणी सुटतं, त्यात एक्झिमा, सोरायसिस, पायाच्या व्हेरिकोज शिरांच्या जखमा. मग लघवी-शौचावर ताबा नसणं. पोटावर स्टोमा बॅग (ऑपरेशननंतर शौच-लघवीसाठी लावलेली पिशवी) असणं. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याचे आजार. घरी डायलिसिस करणारे किडनी पेशंट, पण त्यांना जर हॉस्पिटलकडून पाण्याचे पैसे आधीच मिळत असतील तर मग इथून नाही. आणि यादीत नसलेला आजार असला तरी डॉक्टरने लिहून दिलं की याला खरंच जादा पाणी लागतं तर अर्ज करता येतो. हे शेवटचं लोक वाचतच नाहीत, यादीत नाव दिसलं नाही की फॉर्म बंद.

आपल्या लोकांमध्ये अजून एक बघते मी. सासूबाई नाहीतर सासरे आलेले असतात, लघवीवर ताबा राहिलेला नसतो, दिवसातून दोनदा चादर बदलावी लागते, पण लाज वाटते म्हणून घरातला मुलगा सुद्धा जीपीला (फॅमिली डॉक्टरला) सांगत नाही. कंपनीला फॉर्मवर एक ओळ लिहायची असते, ती माहिती कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत नाही हो.

पुराव्यासाठी लगेच जीपीकडे पत्र मागायला जाऊ नका, असल्या पत्राचे काही जीपी पैसे घेतात. आधी कंपनीला विचारा की रिपीट प्रिस्क्रिप्शनची कॉपी किंवा स्किन क्लिनिकचं पत्र चालेल का, बऱ्याच ठिकाणी चालतं. तुमच्याकडे ते असणारच.

नाशिकहून_लीड्स

वाचून वाईट वाटलं, तुमच्या मुलाला लवकर बरं वाटू दे. पण एक मनातलं विचारतो, राग मानू नका. आम्ही केअर वर्कर व्हिसावर आहोत, तीन मुलं, पगार तुमच्यापेक्षा फार वेगळा नसेल. पासपोर्टवर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट नाही, चाइल्ड बेनिफिट पण नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर हे वॉटरशुअर मिळतं त्या दोन्ही आम्हाला बंद. आणि मी असं वाचलं की या सवलतीचे पैसे सरकार देत नाही, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या बिलातून जातात. मग माझ्यासारख्या माणसाने दुसऱ्याचं बिल का भरायचं जेव्हा माझंच झेपत नाही? एप्रिल २०२५ पासून तर बिलं सरळ २६ टक्क्यांनी वाढली, सरासरी ६०३ पाऊंड झालं. खरंच समजून घ्यायचंय.

हक्काचं_पाणी

मी एका अॅडव्हाइस सेंटरमध्ये व्हॉलंटियर म्हणून बसते, बिलांच्याच केसेस जास्त येतात. दादा तुमचा प्रश्न रास्त आहे, राग मानण्यासारखं काही नाही त्यात, म्हणून जरा नीट लिहिते.

पैसे बाकीच्या ग्राहकांच्या बिलातून जातात हे खरं आहे. पण ही पद्धत का आली ते बघा. १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधलं पाणी खासगी कंपन्यांकडे गेलं. तोवर आणि त्यानंतरही बहुतेक घरांचं बिल घराच्या रेटेबल व्हॅल्यूवर, म्हणजे मोठं घर तर मोठं बिल, छोटं घर तर छोटं, पाणी किती वापरलं याचा संबंध नाही. ज्यांना मीटर नाही त्यांचं आजही त्याच जुन्या आकड्यांवर चालतं. मग मीटर यायला लागले. एकट्या माणसाला, निवृत्त जोडप्याला मीटर परवडला, त्यांची बिलं उतरली, आणि भार सरकला तो माणसांनी भरलेल्या घरांवर आणि आजारी माणसांच्या घरांवर, जिथे नळ बंद ठेवणं शक्यच नाही. म्हणून १९९९ साली नियम केले की अशा घरांना कंपन्यांनी संरक्षण द्यायचंच, त्यालाच पुढे वॉटरशुअर नाव पडलं. त्याच वर्षीच्या कायद्याने अजून एक मोठी गोष्ट झाली, बिल थकलं म्हणून राहत्या घराचं पाणी तोडायला बंदी. म्हणजे ही कोणाची मेहरबानी नाही, मीटरच्या पद्धतीत जे भोक राहिलं ते बुजवायची सोय आहे. आणि फुकट पाणी पण नाही, सरासरी माणसाइतकं बिल ते घर भरतंच.

पण तुमच्या बाजूने मला पण खटकतं. गरज बघायची म्हणता आणि दारातच बेनिफिटचा कागद मागता, तर ज्याच्याकडे तो कागद असूच शकत नाही त्याची गरज कुठे मोजायची? तीन लेकरांचे कपडे धुवायला तेवढंच पाणी लागतं, व्हिसा कुठलाही असो. सीसीडब्ल्यू, म्हणजे पाण्याच्या ग्राहकांची जी संस्था आहे, त्यांनी २०२१ मध्ये सांगितलं होतं की देशभर एकच सोशल टॅरिफ (कमी उत्पन्नवाल्यांसाठी स्वस्त दर) करा, म्हणजे पिनकोडवर नशीब ठरणार नाही. व्हायला पाहिजे ते.

तोवर तुम्ही हे करा. वॉटरशुअर सोडून प्रत्येक कंपनीचं आपापलं सोशल टॅरिफ असतं, बिलात काही टक्के सूट. बऱ्याच कंपन्या तिथे बेनिफिट नाही, घरातलं एकूण उत्पन्न बघतात. आणि पाणी कंपनीची सूट ही इमिग्रेशन रूल्समधल्या पब्लिक फंड्सच्या यादीत नाही, त्यात सरकारी भत्ते आणि घराची मदत वगैरे आहे. तरी व्हिसाचा प्रश्न असला की सही करण्याआधी सिटिझन्स अॅडव्हाइसला (सल्ला देणारी संस्था) एकदा दाखवून घ्या, फुकट असतं. कंपनीला फोन करून सरळ म्हणा की उत्पन्नावर मिळणारं टॅरिफ कुठलं आहे, मला त्याचा फॉर्म पाठवा.

अजून दोन गोष्टी तपासा ज्याला उत्पन्न लागत नाही. छपरावरचं पावसाचं पाणी जर गटारात न जाता बागेतल्या शोषखड्ड्यात जात असेल तर बिलात सरफेस वॉटरचे जे पैसे लावतात ते कमी होतात, पण मागावे लागतात. आणि गळती. रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचे लाल आकडे बघा, लाल म्हणजे लिटर, काळे म्हणजे घनमीटर, बिल काळ्यावर येतं. सगळं बंद असताना लाल आकडा हलत असेल तर कुठेतरी पाणी जातंय, बहुतेक वेळा टॉयलेटचा फ्लश गळत असतो, आवाज पण येत नाही त्याचा.

फोंड्याचा_बाळू

मी गोव्यातच आहे, बहीण तिकडे असते म्हणून हा धागा बघितला. आमच्याकडे २०२१ मध्ये महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी मोफत जाहीर झालं होतं, दिल्लीत २०,००० लिटरचं आहे. लोक खूश झाले, गरिबाला फायदा झाला हे मान्यच. पण मला यात नेहमी वाटायचं की लिटरवर रेघ मारली की जो माणूस रेघेच्या आत बसतो त्याचं भलं होतं, आणि ज्याला आजारपणाने रेघ ओलांडावीच लागते त्याचं काय? आमच्या शेजारी एक आजी अंथरुणाला खिळल्या होत्या, सून दिवसभर धुणं करायची, मोटर लावून पाणी चढवायची, त्या घराला मोफत पाणी कधी लागू पडणार? तुमच्या त्या योजनेत आजार विचारतात हे मला आवडलं. आपल्याकडे पण बिलावर एक रकाना असायला हवा, घरात रुग्ण आहे का. अवघड काही नाही त्यात, आशा ताईंना प्रत्येक घर माहीत असतं.

सत्तरीची_लेक

सगळ्यांना मनापासून थँक्यू. नर्सताईंचं वाचून यांना दाखवलं, काल चादरी धुतल्या सगळ्या. आता फॉर्म डाउनलोड केलाय. अजून विचारायचंय, ते ४७० आहेत त्याचं काय? त्यातले शंभर कसेबसे भरलेत, बाकीच्यावर रिमाइंडर आलंय, लाल अक्षरात. आणि सिटिझनशिपचं कोणी सांगितलं नाही. बिल यांच्या नावावर आहे आणि युनिव्हर्सल क्रेडिट दोघांचं जॉइंट, चालेल ना?

हक्काचं_पाणी

जॉइंट चालेल. युनिव्हर्सल क्रेडिटच्या अकाउंटमधून शेवटच्या महिन्याचं स्टेटमेंट डाउनलोड करून जोडा, त्यावर दोघांची नावं आणि तारीख दिसली पाहिजे. सिटिझनशिपचं म्हणाल तर तुम्हाला सेटल्ड स्टेटस आहे, नो रिकोर्सची अट तुम्हाला नाहीच, आणि वॉटरशुअर हा भत्ता नाही, बिल कुठल्या दराने लावायचं एवढाच त्याचा अर्थ. मिस्टरांना निर्धास्त राहू दे.

थकलेल्या पैशाचं आजच्या आज बोला, पत्राची वाट बघू नका. फोन लावला की पहिल्याच वाक्यात सांगा, "घरात लहान पेशंट आहे, वॉटरशुअरचा अर्ज पाठवतेय, बाकीचं थोडं थोडं भरायचंय." मग ते रिकव्हरीची पत्रं थांबवतात का ते विचारा, आणि कॅप कुठल्या तारखेपासून लावणार ते पण विचारा कारण प्रत्येक कंपनीचं यात वेगळं असतं, काही जण अर्जाच्या तारखेपासून लावतात. म्हणूनच फॉर्म रखडवू नका, पुरावा कमी असला तरी फॉर्म आधी जाऊ दे, कागद मागून पाठवता येतो. हप्ता ठरवताना फोनवर दडपणाने मोठा आकडा बोलून बसू नका. महिन्याचा जमाखर्च समोर घेऊन बसा आणि जेवढं दर महिन्याला खरंच निघतं तेवढंच सांगा. काही कंपन्यांकडे अशी पण स्कीम असते की तुम्ही नियमित हप्ते भरलेत तर जुन्या थकबाकीत त्या पण भर घालतात, तीही विचारा. वॉटर डायरेक्ट म्हणून एक आहे, त्यात थकबाकी युनिव्हर्सल क्रेडिटमधून परस्पर कापतात, पण ते घेण्याआधी हातात किती उरतील ते बघा, कारण ते पैसे येण्याआधीच जातात.

सगळीकडूनच देणी अंगावर आली असतील तर २०२१ पासून ब्रीदिंग स्पेस पण आहे, कर्ज सल्लागारामार्फत घ्यायची, ६० दिवस कोणी वसुलीला येत नाही. तुम्हाला बहुतेक तिथपर्यंत जावं लागणार नाही. आणि पाणी कोणी तोडणार नाही, लाल अक्षर बघून घाबरू नका.

कोल्हापूरची_नर्स

यात भर, फोन करालच तेव्हा प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये पण नाव घालून घ्या. पाइप फुटून पाणी गेलं तर अशा घरांना ते आधी कळवतात, बाटल्या घरपोच देतात. एक्झिमाच्या पोराला दोन दिवस पाणी नाही म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. इंग्लिश बोलायला अवघड वाटत असेल तर दुभाषा मागा, संकोच करू नका.

नाशिकहून_लीड्स

ताई (हक्काचं पाणी), तुम्ही सांगितलं तसं रात्री मीटर बघितला, लाल आकडा हळूहळू फिरत होता. वरच्या टॉयलेटचा फ्लश आहे, टॉयलेट पेपर मागच्या बाजूला टेकवला तर खाली ओला होतो. लँडलॉर्डला मेसेज केलाय. कंपनीकडून उत्पन्नावरच्या टॅरिफचा फॉर्म पण मागवला. आमच्या इथे अजून चार-पाच केअरवाली मराठी कुटुंबं आहेत, त्यातल्या दोघांच्या घरी मीटरच नाही, त्यांनी मीटर घ्यावा का?

स्विंडनकर

घरात माणसं जास्त असतील आणि सवलत कुठलीच मिळत नसेल तर सरसकट मीटर घेऊ नका म्हणावं, आधी कंपनीच्या साइटवर कॅल्क्युलेटर असतो त्यात किती जण, किती आंघोळी, मशीन किती वेळा ते भरून बघा. इंग्लंडमध्ये मीटर मागितला तर बसवायचे पैसे घेत नाहीत, भाडेकरूला पण मागता येतो जर करार निदान सहा महिन्यांचा असेल, आणि नाही जमलं तर साधारण दोन वर्षांत परत जुन्या पद्धतीवर जाता येतं, फक्त स्वतः मागून घेतलेला असेल तर. घर घेताना आधीपासून असलेला मीटर काढता येत नाही. एकाच घरात दोन-तीन कुटुंबं राहतात आणि बिल लँडलॉर्डच्या नावावर असतं अशा ठिकाणी मात्र सहसा सवलत मिळत नाही, तिथे आधी बिल स्वतःच्या नावावर करून घेता येतं का ते बघावं लागेल.

आणि सत्तरीच्या ताई, वॉटरशुअर दरवर्षी रिन्यू करावं लागतं. कंपनी सहसा पत्र पाठवते पण घर बदललं की पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि कॅप निघून जाते, आमच्या ओळखीतल्यांचं तसंच झालं होतं. कॅपचा आकडा पण दर एप्रिलला बदलतो, तेव्हा एप्रिलचं बिल आलं की वर वॉटरशुअर लिहिलंय का एवढं बघून घेत जा. तुमच्याकडे पाणी एका कंपनीचं आणि सांडपाणी दुसऱ्या कंपनीचं असेल तर एकाच अर्जात दोन्ही होतं का ते आत्ताच विचारून ठेवा.